तायक्वांदोचं माहेर कॉलेजात

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पहिली जागतिक विद्यापीठ तायक्वांदो स्पर्धा भरली. २००३ मध्ये देगूच्या युनिव्हर्सियादमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या जागतिक खेळांत, हा खेळ आला. सोलची पहिली जागतिक स्पर्धा तर १९७३ मध्येच झाली होती. त्यामुळे विद्यापीठं म्हणजे उशिरा आलेले पाहुणे, असा सर्वांचा समज. खरं तर तीच यजमान.

तायक्वांदोचं मूळ शोधायला आधी कराटेकडे जावं लागतं. ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशींनी तोक्योत कराटे रुजवलं ते कॉलेजच्या पोरांच्या जोरावर. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिला क्लब निघाला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि शिकायला तोक्योला जाणाऱ्या कोरियन मुलांना हे क्लब आयतेच सापडले. चुओ विद्यापीठाचे ली वॉन-कुक फुनाकोशींकडे शिकले आणि १९४४ मध्ये सोलला परतून त्यांनी ‘चुंग दो क्वान’ ही तायक्वांदोच्या सुरुवातीच्या तालमींपैकी एक काढली.

यून ब्युंग-इन यांचा किस्सा त्याहून रंगतदार. हे निहोन विद्यापीठात होते, पण मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकून आलेले. एका कोरियन पोराने कराटेच्या तासाला दांड्या मारल्या म्हणून वर्गातले गडी त्याला बडवायला निघाले. पोरगं पळालं ते थेट यूनकडे, आणि यूनने हल्लेखोरांचे वार लीलया चुकवले. बातमी कराटेचे गुरू कानकेन तोयामा यांच्या कानी गेली. रागावण्याऐवजी त्यांनी यूनला बोलावून घेतलं आणि दोघांनी एकमेकांची विद्या शिकून घेतली. सांगोवांगीची गोष्ट खरी, पण तिच्यातला कॉलेजचा वास अस्सल आहे.

कोरियातली अधिकृत मंडळी मात्र तायक्वांदोची कुळी थेट दोन हजार वर्षं मागे, सिल्ला या प्राचीन राज्याच्या ह्वारांग वीरांपर्यंत नेतात. ‘तेक्क्यॉन’ या जुन्या लाथांच्या खेळाचा दावा त्याहून तगडा, कारण डोक्यापर्यंत जाणारी लाथ तेव्हाच्या कराटेत फारशी नव्हती. तो मान तेक्क्यॉनला जरूर द्यावा. पण सुरुवातीच्या तालमींत घोटून घेतले जाणारे ‘प्योंगआन’ हे हालचालींचे ठरावीक क्रम ओकिनावाच्या कराटेतल्या ‘पिनान’चेच होते. पुराव्याचं पारडं कराटेकडेच झुकतं.

पुढे कोरियाने हे क्रम बदलून ‘तेगुक’सारखे स्वतःचे क्रम, म्हणजे पूमसे, रचले. तरी त्यांतला लांब पवित्रा आणि कमरेतून येणारा ठोसा पाहिला की तोक्योतले ते कॉलेजचे क्लब आठवतातच. ऑलिम्पिकमध्ये फक्त झुंजीला पदक आहे. पूमसेला ते मिळतं विद्यापीठांच्या जागतिक खेळांत.