नानांचं खरं नाव काय?

शाळेतून मुलं कधीतरी एक कागद घेऊन येतात. झाडाचं चित्र, फांद्यांवर रिकामे चौकोन, आणि त्यांत पणजोबांपर्यंतची नावं भरायची. मुलगी विचारते, "बाबा, तुझ्या आजोबांचं नाव काय?" तुम्ही पटकन म्हणता, "नाना." मग लक्षात येतं, हे काही नाव नव्हे!

इथल्या लोकांचं काम त्या मानाने सोपं. बिल दिसला की बहुधा विल्यम, पेगी दिसली की मार्गारेट. आपल्याकडे 'नाना'वरून काहीच कळत नाही. पेशवाईतलंच पाहा. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. आता तुम्ही म्हणाल, नाना म्हणजे बाळाजी! पण १८५७ चे नानासाहेब होते धोंडोपंत, आणि ते दत्तक गेलेले. म्हणजे वडिलांचं नावही बदललेलं.

मात्र त्या दोन बाळाजींमध्ये एक धागा आहे. दोघांच्याही आजोबांचं नाव बाळाजी होतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, अशा दोन्ही रीती आपल्याकडे होत्या. मग आईने मुलाला हाक कशी मारायची? नाना, बापू, अण्णा, तात्या, बाळ ही हाकेची नावं अशा घरांत फार सोयीची. तेव्हा तुमच्या नानांचं नाव अडलं असेल, तर आधी त्यांच्या आजोबांचं नाव शोधा. पुरावा नव्हे, पण दिशा मिळते.

उलटही घडतं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरातलं 'बाळ' हेच पुढे व्यवहारात रूढ झालं आणि इतिहासात राहिलं. म्हणून टोपणनाव दिसलं की त्यामागे कागदोपत्री दुसरं नाव असेलच, असं धरून चालू नका. धोंडू, दगडू ही तर आधीची मुलं दगावली म्हणून मुद्दाम ठेवलेली नावं. ती चेष्टेची नाहीत, खरीच आहेत.

बायकांच्या बाबतीत गाठ अधिक घट्ट. गोदू म्हणजे गोदावरी, मनू म्हणजे मणिकर्णिका, इथवर ठीक. पण लग्नात नावच बदलायचं. झाशीची मनू लक्ष्मीबाई झाली. महर्षी कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला तेव्हा गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि लोक त्यांना म्हणत बाया. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या अस्थींवर दगड आहे, तोही सासरच्या नावाचा. कल्याणची यमुना त्यावर शोधून सापडणार नाही.

मग शोधायचं कुठे? घरातली जुनी पोस्टकार्डं काढा. आत 'तीर्थरूप नाना' असलं तरी पत्त्याच्या बाजूला पूर्ण नाव लिहावंच लागे. सातबारा आणि फेरफाराच्या जुन्या नोंदी पाहा: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. घरात श्राद्ध होत असेल, तर ते करणाऱ्याला विचारा. पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार गोत्रासकट होतो. तिथे नाना आणि माई चालत नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं मिळू शकतात. पण बाईचं माहेरचं नाव हवं असेल, तर माहेरच्याच घराकडे वळा. सासरच्या कागदांत ते सहसा उतरतच नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या पणजीला सगळे जीजी म्हणत. वडील श्राद्धाला तिचं सासरचं नाव घेत, म्हणून ते मला मिळालं. माहेरचं नाव फक्त एका आत्याला ठाऊक होतं. "पुढच्या भारतवारीत निवांत विचारू" असं म्हणत मी दोन वर्षं घालवली. आता आत्या नाही. लेकीच्या कागदावर जीजीच्या चौकोनात सासरचं नाव आहे. ज्या नावाने तिला तिच्या आईने हाक मारली, ते कुठेच नाही.

तुमच्या घरी अजून कुणी सांगणारं असेल, तर या रविवारी फोन करा. हाकेचं, पाळण्यातलं, सासरचं, कागदावरचं अशी चारही नावं विचारा आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा. आणि हाकेचं नाव खोडू नका. कागदावर माणूस सापडतो त्याच्या पूर्ण नावाने, पण घरात तो राहतो नाना म्हणूनच.