घरच्या संगणकाची राखण : सुरक्षा आणि उपयुक्त सॉफ्टवेअरच्या निवडीचा इतिहास

घटकाची ओळख

घरी संगणक आला की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "यात काय काय टाकून घेऊ?" दुकानदार एक यादी सांगतो, वर्गमित्र दुसरी सांगतो आणि एखादा मावसभाऊ तिसरीच. एक अँटिव्हायरस, एक 'क्लीनर', डिस्क 'डीफ्रॅग' करणारे काहीतरी, झिप फाइल उघडणारे काहीतरी. यांतली निम्मी साधने कशासाठी आहेत हे बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अशा याद्या जुन्या काळातून वारसाहक्काने आपल्याकडे येतात. त्यातले प्रत्येक साधन एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट अडचणीवर उत्तर म्हणून जन्मले. पुढे ती अडचण संपली किंवा तिचे रूप बदलले, पण साधन टाकायची सवय मात्र राहिली. म्हणून या घटकात आपण 'सर्वोत्तम दहा सॉफ्टवेअर' अशी यादी देणार नाही. ही साधने कोठून आली ते पाहू आणि त्यावरून निवडीची कसोटी तयार करू.

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• सुरक्षा व उपयुक्त सॉफ्टवेअरच्या विकासाचे मुख्य टप्पे सांगणे.
• प्रत्येक टप्प्यावरील धोका आणि त्यावरचे साधन यांचा संबंध स्पष्ट करणे.
• स्वतःच्या घरच्या संगणकासाठी सकारण निवड करणे.

१. पुसलेली फाइल परत मिळवताना

घरगुती संगणकाच्या सुरुवातीच्या काळात वापरणाऱ्याला सर्वांत मोठी भीती स्वतःच्याच चुकीची होती. चुकून एक आज्ञा दिली आणि महिनाभराचे काम पुसले गेले, असे सहज घडे. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन या अमेरिकी प्रोग्रॅमरने 'नॉर्टन युटिलिटीज' बाजारात आणले, त्यातला सर्वांत गाजलेला भाग होता पुसलेली फाइल परत आणणारा.

हे शक्य कसे झाले ते समजून घ्या. डॉस या प्रणालीत फाइल पुसली की तिच्यातला मजकूर डिस्कवरून लगेच जात नसे. फक्त नोंदवहीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाई आणि ती जागा 'रिकामी' समजली जाई. त्या जागेवर नवे काही लिहिले जाण्यापूर्वी नोंद दुरुस्त केली, तर फाइल परत मिळे. नॉर्टन यांनी हेच हेरले.

डीफ्रॅगची गोष्टही अशीच. फिरत्या तबकडीवर एका फाइलचे तुकडे विखुरले की वाचणाऱ्या शीर्षाला इकडून तिकडे धावावे लागे आणि संगणक मंदावे. तुकडे एकत्र आणून ठेवणारे साधन तेव्हा खरोखर उपयोगी होते. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने असे साधन प्रणालीबरोबरच दिले. आजच्या एसएसडीमध्ये फिरती तबकडीच नाही, त्यामुळे तिथे वेगळे डीफ्रॅग साधन आणून टाकणे व्यर्थ आहे. आवश्यक देखभाल विंडोज स्वतःच करते.

२. लाहोरची फ्लॉपी, भारतातला 'जोशी' आणि पुण्यातले दुकान

संगणक विषाणू ही कल्पना घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ॲपल-२ संगणकासाठी 'एल्क क्लोनर' लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे आणि पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला की पडद्यावर एक कविता दाखवी. आयबीएम पीसीच्या जगातला पहिला विषाणू मात्र आपल्या शेजारचा होता. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसे. त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते! आपल्या सॉफ्टवेअरच्या नकला होऊ नयेत म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९० मध्ये भारतात आढळलेल्या एका विषाणूचे नाव तर थेट 'जोशी' असे पडले. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे.

या विषाणूंवरचे उत्तर 'स्वाक्षरी' पद्धतीने दिले गेले. प्रत्येक विषाणूच्या संकेतावलीत एखादी ओळखीची खूण असते. अशा खुणांची यादी करायची आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहायची, एवढेच या पद्धतीचे सूत्र. ही यादी फक्त माहीत असलेल्या विषाणूंची असते, नवा विषाणू आला की यादी नवी करावी लागते. शिवाय फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी सर्वसाधारण पद्धत तत्त्वतः असूच शकत नाही. 'शंभर टक्के संरक्षण' असे कोणत्याही डब्यावर लिहिलेले दिसले, तर हा निष्कर्ष आठवा.

भारतातही या गरजेतून उद्योग उभे राहिले. चेन्नईत 'के-७', मुंबईत 'ई-स्कॅन' आणि पुण्यात 'क्विक हील'. क्विक हीलची सुरुवात दुरुस्तीच्या दुकानातून झाली. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू आढळू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. गिऱ्हाइकाची अडचण आधी आली आणि उत्पादन नंतर आले, हा क्रम लक्षात ठेवा. बाजार मोठा झाल्यावर हाच क्रम कधी कधी उलटतो.

३. भीतीचा बाजार

६ मार्च १९९२ ही तारीख या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. त्या दिवशी 'मायकेलअँजेलो' नावाचा विषाणू हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट करणार होता. पन्नास लाखांपर्यंत संगणक बंद पडतील असा अंदाज जॉन मॅकॅफी यांच्या नावाने वृत्तपत्रांत झळकला. लोकांनी अँटिव्हायरस खरेदीसाठी गर्दी केली. प्रत्यक्षात नुकसान झालेल्या संगणकांची संख्या काही हजारांच्या घरात राहिली.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, इशारा मिळाला म्हणून नुकसान टळले. दुसरे म्हणते, धोका मुळातच फुगवला होता. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण धोक्याची बातमी आणि उपायाची विक्री एकाच तोंडून येत असेल तर तिसऱ्या साक्षीदाराला विचारावे, एवढा धडा निश्चित. असे साक्षीदार पुढे तयार झाले. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था वेगवेगळ्या अँटिव्हायरसची नियमित चाचणी घेऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात.

या भीतीचा पुढचा अवतार म्हणजे नकली अँटिव्हायरस. "तुमच्या संगणकात ३७ विषाणू सापडले" अशी खिडकी अचानक उघडते आणि 'साफ करा' वर टिचकी मारताच खरा विषाणू घरात शिरतो.

४. इंटरनेट आले, पेन ड्राइव्ह आला

फ्लॉपीवरचा विषाणू हातोहात, सावकाश पसरे. इंटरनेटने तो वेळच काढून घेतला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' एका ईमेलसोबत आला आणि काही तासांत जगभर पोहोचला. सोबतची फाइल साधे प्रेमपत्र वाटे, कारण विंडोज तिच्या नावाचा शेवटचा, खरा प्रकार सांगणारा भाग लपवून ठेवत असे. फिलिपिन्समध्ये त्या वेळी अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता, त्यामुळे आरोप टिकले नाहीत. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला.

ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' तर ईमेल उघडण्याचीही वाट पाहत नसे. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बंद अवस्थेत येई. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप सुरू राहू लागली. ज्या काळात वेगळी फायरवॉल आणून टाकणे शहाणपणाचे होते, तो काळ इथून मागे पडू लागला.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत मात्र मुख्य वाहक होता पेन ड्राइव्ह. तो लावताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची सोय विंडोजमध्ये होती आणि तिचाच फायदा 'कॉन्फिकर'सारख्या किड्यांनी २००८ पासून घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ही सोय बंद करणारे अद्यतन पाठवले. ज्यांच्या संगणकात अद्यतने बंद होती, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही. पायरेटेड विंडोज टाकून देताना अद्यतने बंद करून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. फुकट मिळालेल्या प्रणालीची किंमत अशी मोजावी लागली.

आता तीन तारखांकडे एकत्र पाहा. ब्लास्टरने वापरलेली त्रुटी दुरुस्त करणारे अद्यतन जवळजवळ महिनाभर आधी, जुलै २००३ मध्ये आले होते. कॉन्फिकर नोव्हेंबर २००८ मध्ये आला, दुरुस्ती ऑक्टोबरमध्येच आली होती. १२ मे २०१७ रोजी दीडशेहून अधिक देशांत संगणक ओलीस धरणाऱ्या 'वॉनाक्राय'विरुद्धची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. तिन्ही वेळा औषध आधी आले, रोग नंतर. म्हणून विकत घेतलेल्या कोणत्याही साधनाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व मोफत मिळणाऱ्या अद्यतनाला आहे.

५. कुंपणच शेत खाऊ लागले तर

राखणदार सॉफ्टवेअरला संगणकात सर्वांत जास्त अधिकार असतात. ते प्रत्येक फाइल उघडून पाहू शकते. म्हणूनच ते बिघडले तर नुकसानही मोठे होते. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले, सीक्लीनर. ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ मध्ये या लोकप्रिय साफसफाई साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग मिसळला होता. ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. लोकांनी ती योग्य ठिकाणाहूनच उतरवली होती.

दुसरे, विनरार. जुन्या 'एस' प्रकारच्या फाइली उघडणारा त्याचा एक भाग २००५ नंतर अद्ययावतच झाला नव्हता. त्यातील सुमारे १९ वर्षे जुनी त्रुटी २०१९ मध्ये उघडकीस आली. अखेर तो प्रकार उघडण्याची सोयच काढून टाकावी लागली.

तिसरे, अव्हास्ट. या मोफत अँटिव्हायरसच्या वापरकर्त्यांची इंटरनेटवरील भ्रमंतीची माहिती कंपनीच्याच एका उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये ती उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेतले.

या तिन्ही उदाहरणांतून दिसते की संगणकात टाकलेले प्रत्येक साधन म्हणजे घराला केलेले आणखी एक दार असते. गरज असेल तर दार करावे, पण शोभेसाठी करू नये.

६. आज निवड कशी करावी

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अँटिव्हायरस प्रणालीबरोबरच येतो. त्यामुळे 'काहीतरी टाकलेच पाहिजे' ही सक्ती उरलेली नाही. कोणतेही साधन घेण्याआधी स्वतःला पुढील प्रश्न विचारा :

१) हे नेमक्या कोणत्या अडचणीवर उत्तर आहे? ती अडचण माझ्याकडे आहे का?
२) हेच काम प्रणाली स्वतः करते आहे का?
३) बनवणाऱ्याचे उत्पन्न कशातून येते? किंमत पैशांत आहे, जाहिरातींत आहे, की माझ्या माहितीत?
४) शेवटचे अद्यतन कधी आले? ते आपोआप येते का? उदाहरणार्थ, ७-झिप मोफत आणि मुक्त आहे, पण ते स्वतःला अद्ययावत करत नाही. ते काम तुम्हालाच करावे लागते.
५) मी ते मूळ निर्मात्याकडूनच घेत आहे ना?

वेगळा अँटिव्हायरस घ्यायचा ठरवला तर एकच घ्या. सतत पहारा देणारे दोन एकत्र ठेवले तर ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक मंदावतो. संगणक संसर्गित झाल्याची शंका आली तर भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून साफसफाईची साधने मोफत मिळतात. तुमची प्रणाली विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा वेळी नव्या अँटिव्हायरसपेक्षा प्रणालीचा प्रश्न आधी सोडवा.

आणि शेवटी बॅकअप. खंडणी मागणारे सॉफ्टवेअर नवे नाही. १९८९ मध्येच 'एड्स' नावाची फ्लॉपी टपालाने हजारो लोकांना पाठवली गेली होती. संगणक नव्वद वेळा सुरू झाला की ती फाइलींची नावे कुलूपबंद करी आणि पनामातील टपालपेटीवर १८९ डॉलर मागे. तेव्हापासून आजपर्यंत अशा हल्ल्यावर खात्रीचे उत्तर एकच राहिले आहे : आपल्या फाइलींची दुसरी प्रत, तीही संगणकापासून सुटी ठेवलेली. तुमचा प्रकल्प अहवाल, घरातील छायाचित्रे, आईवडिलांची बँकेची कागदपत्रे यांची प्रत आजच काढा. तहान लागल्यावर विहीर खणून इथे उपयोग होत नाही.

सारांश

सुरक्षा आणि उपयुक्त साधने त्या त्या काळातील अडचणींतून जन्मली. काही आता प्रणालीतच सामावली, काही कालबाह्य झाली, तर काही स्वतःच धोका ठरली. म्हणून मोजकी साधने, नियमित अद्यतने आणि सुटा बॅकअप हा क्रम लक्षात ठेवावा.

स्वाध्याय

१) 'औषध आधी, रोग नंतर' हे विधान ब्लास्टर, कॉन्फिकर आणि वॉनाक्राय यांच्या आधारे स्पष्ट करा.
२) स्वाक्षरी पद्धतीची मर्यादा सांगा.
३) मायकेलअँजेलो प्रकरणातील दोन्ही मते मांडून तुमचे मत लिहा.
४) तुमच्या घरच्या संगणकातील सर्व सॉफ्टवेअरची यादी करा. प्रत्येकाला विभाग ६ मधील पाच प्रश्न लावा आणि कोणते काढून टाकाल ते सकारण लिहा.