सरकारचे उन्हाळी बिऱ्हाड

नागपुरात वसंत ऋतू पंचांगापुरताच असतो. होळीची राख निवते न निवते तोच उन्हाळा दारात उभा राहतो. पूर्वी त्याला वाळ्याच्या ताट्या लावून अडवीत, आता कूलर लावून अडवितात, एवढाच फरक. अशा गावात वसंत व्याख्यानमालेला आपण इतक्या संख्येने आलात, तेव्हा उकाड्याची तक्रार मी आपणांपाशी करणार नाही. पण याच उकाड्याला भिऊन एक सबंध सरकार दरसाल नागपूर सोडून डोंगरावर बिऱ्हाड करीत असे, त्याची हकीकत सांगावी म्हणतो.

1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. पुढल्याच वर्षी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे साडेतीन हजार फूट उंचीच्या पचमढीच्या पठारावर, 'बायसन लॉज' नावाचे घर बांधले. पचमढीचा 'शोध' त्याने लावला असे पुस्तकांतून छापतात. शोध कसला? तेथे कोरकू जहागीरदार नांदत होते, महादेवाची यात्रा भरत होती. फॉर्सिथ येण्याच्या थोडे आधी हर्राकोटच्या भभूतसिंगाने याच डोंगरांच्या आश्रयाने इंग्रजांशी झुंज देऊन प्राण वेचले होते. फॉर्सिथने शोध लावला तो इतकाच, की साहेबाला मे महिन्यात कोट घालून बसता येईल अशी एक जागा मध्यप्रांतात आहे.

मग छावणी आली, बंगले उठले. 1875 साली एक चर्च झाले, 1892 साली दुसरे. आणि उन्हाळा आला की नागपूरची कचेरी पेट्यापेटाऱ्यांसह वर जाऊ लागली. नागपूर-इटारसी लोहमार्ग 1920 नंतरच्या दशकात पुरा झाला. त्यापूर्वी सरळ वाट नव्हती. मोठ्या गाडीने जायचे तर भुसावळचा वळसा घेऊन इटारसी, तेथून पिपरिया, आणि पुढे घाट.

लाटसाहेबांच्या या प्रवासाची वर्णने आहेत. चपराशाच्या प्रवासाची नाहीत. माझे वडील मिल-कामगार. आमच्या वस्तीत कचेरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध चपराशी राहत. मी नुकताच सभांना जाऊ लागलो होतो, तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवून सांगितले, "बाबू, साहेबाचं बिऱ्हाड म्हणजे बंगला. आपलं बिऱ्हाड म्हणजे वळकटी." बायकापोरे नागपुरात, त्या खोलीचा किराया चालूच. वर एका बंगल्यामागच्या बबर्चीखान्यात चौघांनी मिळून जागा घेतलेली, तिचा किराया माणशी वेगळा. म्हाताऱ्याला पचमढीच्या हवेबद्दल विचारले तर म्हणाले, "हवा चांगली. भूक फार लागे." यात विनोद आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

राजकारणही वर जाई. मे 1938 मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात नागपूर-विदर्भ आणि महाकोशल असा तंटा पेटला होता. तो मिटविण्यासाठी वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि जमनालाल बजाज पचमढीस गेले. समेट झाला, त्याला 'पचमढी करार' म्हणतात. जुलैत तो मोडला, खरे गेले, रविशंकर शुक्ल आले. हवा थंड असली म्हणजे डोकी थंड होतातच असे नाही.

पण माझा विषय मंत्र्यांचा नाही, घराचा आहे. हे गाव कोणाचे, हा प्रश्न पचमढीला पहिल्यापासून आहे. काही भाग छावणीचा, काही नझूलचा. छावणीत पुष्कळदा बंगला माझा पण जमीन सरकारची, असा मामला असतो. शिवाय 1923 च्या एका कायद्याने अशी सोय केली, की छावणीतील घर फौजी अधिकाऱ्यासाठी हवे असेल तर ते किरायाने देण्यास घरमालकास भाग पाडता यावे. पाहा, अधिकाऱ्याला छप्पर मिळावे म्हणून कायदा पुढे धावला!

सामान्य किरायेदाराची पाळी फार उशिरा आली. मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश 1949 सालचा. तो नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे, कारण 2000 साली नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत तो येथे चालला. घर खाली करण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. या एका कलमाने नागपुरातील हजारो चुली जागच्या जागी राहिल्या. मिल-कामगारांचे अर्ज मी स्वतः लिहिलेले आहेत. परंतु छावण्या केंद्राच्या अखत्यारीत. राज्याचा भाडे-कायदा छावणीत न्यायचा तर केंद्राने तशी अधिसूचना काढली पाहिजे, त्यासाठी 1957 साली वेगळा कायदा करावा लागला. एका कमानीच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा.

1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची राजधानी गेली, पचमढी भोपाळकडे राहिली. तेथल्या सरकारची उन्हाळी वारीही पुढे 1960 च्या दशकात बंद पडली. लाटसाहेब गेले, हंगाम मात्र राहिला. आता पाहुणे येतात. गाव आजही लहानच. 2011 च्या जनगणनेत सुमारे 12 हजार वस्ती. त्यात गावाची जमीन अभयारण्याच्या हद्दीत धरल्यामुळे खरेदी-विक्री आणि बांधकाम वर्षानुवर्षे अडकून पडले. वाघासाठी जंगल राखावे याला माझा विरोध नाही. पण नवे घर बांधता येत नाही तेथे जुन्या खोलीचा भाव चढतो, आणि तो देणारा नेहमी खालचाच असतो.

नागपंचमीला नागद्वारीच्या यात्रेस आपल्याकडून लोंढेच्या लोंढे जातात. मी नऊ वर्षांचा असताना आईबरोबर गेलो होतो. पावसात भिजून आलो, एका घराच्या पडवीत डोई चार आणे देऊन झोपलो. रात्री पाहिले, तर आम्हांला जागा देऊन त्या घरची माणसे चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्या वेळी मला वाटले, किती मायाळू लोक! माया होतीच. पण पडवीचे पैसे त्यांच्या घरमालकाकडे जात होते. सकाळी तो मोजणी करायला आला, तेव्हा आईच्या ध्यानात आले. तिने त्या बाईच्या हातावर दशम्या ठेवल्या आणि माझा हात धरून उतरणीला लागली.

काही वर्षांपूर्वी पुन्हा गेलो तो हॉटेल-कामगारांच्या बोलावण्यावरून. एका आचाऱ्याने सांगितले, "दहा महिने खोली माझी. एप्रिल लागला की मालक म्हणतो, सामान उचल." त्या खोलीत पाहुणा उतरतो, आणि त्याच पाहुण्यासाठी हा भटारखान्यात झोपून पोळ्या लाटतो. मी विचारले, पावती? करारनामा? तो हसला. कागद नाही म्हणून किरायेदार नाही, हजेरीपट नाही म्हणून कामगार नाही. तीन दिवस बसून आम्ही एकच मागणी तयार केली: हंगामात झोपायला बंद दाराची एक खोली, आणि तिला आतून कडी. दोन ठिकाणी ती मिळाली. बाकीच्यांनी ऐकून घेतले. संघटना तेथे टिकली नाही हेही सांगितले पाहिजे. हंगाम संपला, माणसे पिपरियाला, इटारसीला, कोठे कोठे पांगली.

नागपूरचे सरकार डोंगरावर जाणे थांबले, पण सरकारचे बिऱ्हाड हलणे थांबलेले नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशनाला मुंबईचे सरकार येथे येते. आम्ही मोर्चे घेऊन जातो ते त्याच दिवसांत. मागे एकदा सिव्हिल लाइन्समध्ये चहाच्या टपरीवर मुंबईहून दप्तराबरोबर आलेले एक शिपाई भेटले. थंडीने कान बांधलेले, हातात वळकटी. मला एकदम ओसरीवरचे ते म्हातारे आठवले. म्हटले, "दादा, मुंबईच्या खोलीचं भाडं?"

"ते काय थांबतंय?" ते म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला खिसा चाचपू लागले. मी त्यांचा हात धरला. चहा त्या दिवशी आमच्या मोर्च्याच्या हिशेबात लिहिला.