पॉवर वीडर रेस देताच दबतो? आधी कार्बोरेटर तपासा

सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी करायची असते आणि नेमका तेव्हाच पेट्रोलचा पॉवर वीडर रेस देताच दबतो. प्रथम एअर फिल्टर स्वच्छ करा. नंतर इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा लावून पाहा. दबणे थांबले, तर पेट्रोल कमी पडते आहे. बहुधा जेट चोंदले आहे. इंजिन थंड होऊ द्या, पेट्रोल कॉक बंद करा आणि कार्बोरेटरची वाटी उघडून गाळ, पाणी काढा. जेट क्लीनर व हवेच्या झोताने साफ करा; तार घालू नका, छिद्र मोठे होते. टाकीतील जुने पेट्रोल बदला. हंगाम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. वाटी कोरडी राहिली, तर चिकट थर जमत नाही.