छपरावरचे शेजारी

इंग्लंड व स्कॉटलंडमधील अनेक शहरांत एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पहाट होते ती सीगल पक्ष्यांच्या कर्कश ओरडण्याने. ब्रिस्टल, बाथ, ब्रायटन, ॲबर्डीन अशा शहरांत हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या मोठ्या सीगलच्या जोड्या घरांच्या छपरांवर, धुराड्यांच्या आडोशाला घरटी करतात.

मुळात हे समुद्रकाठच्या कड्यांवर आणि बेटांवर वीण करणारे पक्षी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छपरावरची घरटी तुरळक होती. पुढे ती झपाट्याने वाढली. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कचरा जाळण्यावर निर्बंध आले आणि कचराभूमींवर पक्ष्यांना मुबलक अन्न मिळू लागले, हे त्यामागील एक कारण मानले जाते. शिवाय छपरावर कोल्ह्याचे भय नाही आणि खाली रस्त्यावर उष्टे-खरकटे आहेच. म्हणजे हे आमंत्रण माणसानेच दिलेले आहे.

मादी साधारणतः दोन-तीन अंडी घालते. सुमारे चार आठवड्यांनी पिले बाहेर येतात आणि आणखी पाच-सहा आठवड्यांनी उडू लागतात. याच काळात आई-बाप माणसांच्या डोक्यावर झेपावतात. हा हल्ला नसून पिलांच्या रक्षणासाठी दिलेला इशारा असतो. अशा वेळी डोक्यावर छत्री धरून शांतपणे पुढे जावे. छपरावरून पडलेले पिलू बहुधा अनाथ नसते. आई-बाप त्याला खालीही भरवतात. तेव्हा ते जखमी वा धोक्यात नसल्यास उचलू नये.

ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातले घरटे वा अंडी परवान्याविना नष्ट करणे गुन्हा आहे. त्यामुळे उपाय करायचा तो विणीच्या हंगामाआधी. पक्षी निघून गेल्यावर जुने घरटे काढणे, धुराड्यांवर काटेरी पट्ट्या बसवणे, घट्ट ताणलेली जाळी लावणे हे मार्ग आहेत. जाळी सैल राहिल्यास पक्षी तीत अडकून मरतात. प्लॅस्टिकच्या घुबडाला तर ते लवकरच सरावतात. झाकणबंद कचरापेटी हा साधा उपाय मात्र सर्वांच्या हातचा आहे. खाद्य हिसकावणाऱ्या पक्ष्याकडे रोखून पाहिल्यास तो जवळ यायला कचरतो, असे एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळले.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. शहरात नकोसा झालेला हेरिंग गल ब्रिटनच्या संवर्धनविषयक लाल यादीत २००९ पासून आहे, कारण एकूण संख्या मोठ्या प्रमाणावर घटली आहे. त्यामुळे शहरातली छपरे हा त्याचा महत्त्वाचा आसरा ठरतो.

मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर सीगल, म्हणजेच कुरव, हिवाळी पाहुणे म्हणून येतात. ते येथे घरटी करीत नाहीत. तरीही मांडव्याच्या बोटीवरून त्यांना शेव-गाठी भिरकावणाऱ्यांनी ब्रिटनचा अनुभव ध्यानात ठेवावा. आयत्या अन्नाची सवय पक्ष्याला लावणे सोपे; ती मोडणे मात्र पुढे दोघांनाही जड जाते.