चार हजार मैल, भाऊ-बहीण आणि रिकामा खिसा

ज्यांचं नेट लोकलमध्ये बरोबर बोगद्यात जातं त्यांच्यासाठी हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं मुद्दाम तसंच ठेवलंय.

सुरुवात घरच्या भांडणापासून करते. मी आणि दादा पुण्याहून कोलकात्याला बाईकने जाणार आहोत. जाऊन-येऊन साधारण चार हजार किलोमीटर. दोघांचं मिळून बजेट 40,000 रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही, कारण त्याच्या वर आमच्याकडे नाहीच. दादाने शीट बनवली. पेट्रोल 9,300. जेवण-चहा 13,000. राहायला 12 रात्रींचे 14,400. उरले ते पंक्चर आणि सर्व्हिसिंगला. आणि मग साहेबांनी राहण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय एवढं? ढाब्यावर खाटा असतात, पेट्रोल पंपावर झोपता येतं. ट्रकवाले झोपतातच की."

मी म्हटलं, "तू झोपशील. मी कुठे झोपू?"

तर म्हणे, "मी आहे ना सोबत."

त्यानंतर आम्ही तीन दिवस बोललो नाही. तो चिडला होता आणि मला नीट उत्तर सापडत नव्हतं. त्या तीन दिवसांत मी पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेली साक्ष परत वाचली. 1907 साली प्रसिद्ध झालेलं छोटंसं पुस्तक आहे. शाळेत आपल्याला रमाबाई म्हणजे शारदा सदन, केडगाव, विधवांसाठी काम, एवढं दोन मार्कांपुरतं शिकवतात. पण त्या सोळाव्या वर्षापासून साधारण विसाव्या वर्षापर्यंत आपल्या थोरल्या भावासोबत हा देश पायी चालल्या होत्या. दक्षिणेतून उत्तरेला काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला कलकत्त्यापर्यंत. अंतर त्यांनीच दिलंय, चार हजार मैलांहून जास्त. म्हणजे जवळपास 6,400 किलोमीटर. आमच्या अख्ख्या ट्रिपच्या दीडपट, आणि तेही पायांनी.

या गोष्टीपुरतं मी त्यांना नुसतं रमा म्हणणार आहे. सोळाव्या वर्षी तिला कुणी बाई म्हणत नव्हतं. भावाचं नाव श्रीनिवास.

आधी घर सांगते, कारण पैशाचा घोळ तिथूनच सुरू होतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यावरून समाजाचा रोष ओढवून घेतला. सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या ठिकाणी त्यांनी आश्रम काढला. तिथेच 23 एप्रिल 1858 ला रमाचा जन्म. आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि आलेल्या प्रत्येकाला जेवण. उत्पन्न थोडं, पंगत मोठी. शेवटी कर्ज झालं आणि घर सुटलं. रमा तेव्हा काही महिन्यांची होती, तिला वेताच्या टोपलीत घालून नेलं. त्यानंतर या कुटुंबाला कायमचा पत्ता असा राहिलाच नाही.

मग हे लोक जगायचे कसे? पुराण सांगून. देवळात, नदीकाठी किंवा झाडाखाली बसायचं, समोर पोथी ठेवायची आणि मोठ्याने वाचायचं. भीक मागायची नाही. लोक येतात, ऐकतात, पोथीला नमस्कार करतात आणि पुढ्यात फुलं, फळं, धान्य, कपडा, नाणी ठेवतात. आजच्या भाषेत क्यूआर कोड लावून रस्त्यावर गाणारी मुलं असतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे ऐकणाऱ्याला पुण्यही मिळतं. ही व्यवस्था बरी चालायची. हाताशी थोडी पुंजीही जमली होती. पण जमेल ते वडील दानधर्मात घालत, देव प्रसन्न होईल म्हणून.

आणि मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात. आता विचार करा, ज्याच्या घरात दाणा नाही तो पुराणिकापुढे काय ठेवणार? या कुटुंबाची कमाई एका फटक्यात थांबली. दागिने गेले, भांडी गेली. रमाने अगदी थंडपणे लिहिलंय की आम्ही काम मागू शकलो असतो, पण मजुरी करायची ब्राह्मणाला लाज आणि भीक मागायचीही लाज. दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यावर काढले. वडील थकलेले, दृष्टी गेलेली. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला की जातीचा मान सोडतो, हमाली करतो, पण हे करू नका.

मी हे वाचताना इथे थांबले होते. त्या घरात हमालीचा शब्द तोंडातून काढणं म्हणजे काय असेल! पण वडील त्या अशक्तपणातून उठलेच नाहीत. काही महिन्यांच्या आत आईही गेली. तिला स्मशानात न्यायला चार खांदे हवे होते. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास. चौथी रमा. तिची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा तो कोपरा डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

उरले दोघं. आणि आपण ज्याला रोड ट्रिप म्हणतो ती इथून सुरू होते.

एक गोष्ट लक्षात घ्या. ही बैलगाडीच्या काळातली गोष्ट नाही. मुंबई-कलकत्ता रेल्वे 1870 मध्येच जोडली गेली होती. आगगाड्या धावत होत्या. या दोघांकडे तिकिटालाच काय, कुठल्याही स्वस्त वाहनालाही पैसे नव्हते, म्हणून ते चालले. रात्री धर्मशाळेत, नाहीतर झाडाखाली. कधी कुणी दिलं ते खाल्लं, कधी काहीच नाही. श्रीनिवासला मधूनमधून तुटपुंज्या पगाराचं काम मिळे, तेव्हा पाण्यात भिजवलेलं धान्य आणि वर चिमूटभर मीठ. कधी रानबोरं मिळाली तर सालीबियांसकट गिळायची, कारण बी थुंकलं तर पोट तेवढं रिकामं राहतं.

पंजाबात झेलम नदीच्या काठी त्यांना थंडीने गाठलं. अंगावर पुरेसं पांघरूण नाही. तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, थडग्यासारखे. आत झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू वर ओढून घेतली. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. नंतर म्हणाला, "दोन खड्डे? म्हणजे दोन खोल्या." दादा तो दादाच.

पण खरंच, रमाची त्या काळातली सगळ्यात मोठी अडचण काय असेल? माझ्या मते, तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळी तिच्या जातीतल्या मुलीचं लग्न नवव्या-दहाव्या वर्षी उरकलेलं असायचं. कृष्णाबाईचं बालपणी लग्न करून आईवडील पस्तावले होते, म्हणून त्यांनी रमाचं केलं नाही. आता सोळा वर्षांची, बिनलग्नाची, वर संस्कृत येणारी मुलगी गावोगाव चाललीय. ती एकटी असती तर तिला कुणी धर्मशाळेच्या दारात तरी उभं केलं असतं का? शंकाच आहे. सोबत भाऊ होता म्हणून तो प्रवास 'यात्रा' ठरला. दादाचं "मी आहे ना सोबत" मला त्या दिवशी झोंबलं त्याचं कारण हेच होतं. ते खरं होतं, अजूनही थोडं खरं आहे, आणि तरी पुरेसं नाही.

आणखी एक बाजू आहे, ती न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. हा शून्य बजेटचा प्रवास जमला त्याला त्यांची जातही कारण होती. तीर्थावरची धर्मशाळा, देवळाचा ओटा, पोथी उघडून बसायची जागा, हे सगळं त्यांना मिळू शकत होतं. त्याच रस्त्याने त्याच दुष्काळात चालणाऱ्या अस्पृश्य भावा-बहिणीला विहिरीवर पाणीही मिळालं नसतं. ज्या जातीने रमाच्या वडिलांना हमाली करू दिली नाही, तिनेच मुलांना झोपायला ओटा दिला. रमाने पहिली बाजू फार कठोरपणे लिहिलीय. दुसरी आपण जोडून वाचायची.

चालता चालता दोघं बदलत होते. निघाले तेव्हा श्रद्धा शाबूत होती. व्रतं, स्नानं, देवदर्शन सगळं नियमाने चालू. हिमालयाकडच्या एका तळ्याची गोष्ट तिने सांगितलीय. तळ्यात सात तरंगते डोंगर आहेत आणि पुण्यवान माणूस काठावर उभा राहिला तर डोंगर त्याच्याकडे सरकत येतात, पाप्याकडे येत नाहीत, अशी ख्याती. पुजारी बजावायचे, पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवास एका पहाटे, कुणी बघत नसताना, सरळ पोहत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेली माती, दगड आणि झाडं. दक्षिणा मिळाली की मागून पुजारी ढकलायचे! पाण्यातून निथळत परत आलेल्या भावाने बहिणीला हे सांगितलं असेल तो क्षण मला बघायला आवडला असता. हसले असतील का? की आजवर दान केलेलं सगळं आठवलं असेल?

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. आणि तिथे चित्रच पालटलं. संस्कृतात घडाघडा बोलणारी वीस वर्षांची मराठी मुलगी बघून तिथले पंडित चकित झाले. परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी तिला विचारलं, वेद वाचलेत का? ती म्हणाली, बायकांना अधिकार नाही. त्यांनी वेदाची प्रत तिच्या हातात ठेवली. बायकांना धर्माप्रमाणे कसं वागावं हे सांगा, असंही तिला सांगण्यात आलं. त्या भाषणांसाठी ती धर्मशास्त्रं वाचायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की या ग्रंथांचं एकमेकांशी कशावरच पटत नाही, फक्त बाई वाईट असते यावर सगळ्यांचं एकमत आहे.

बंगाल-आसामात भाऊ-बहीण स्त्रीशिक्षणावर व्याख्यानं देत हिंडले. पदव्या तिच्या. वर्तमानपत्रांत नाव तिचं. श्रीनिवास स्वतः संस्कृतचा जाणकार होता, बोलायचाही, पण आज त्याच्याबद्दल शोधायला गेलात तर रमाबाईंच्या चरित्रात दोन-चार ओळी मिळतात. मला एक गंमत वाटते, म्हणजे गंमत नव्हे, खंत. एरवी इतिहासात बहीण हरवते आणि भाऊ उरतो. इथे उलटं झालं, तरी कुणीतरी हरवलंच.

1880 मध्ये ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला आणि गेला. जाताना त्याच्या जिवाला एकच घोर होता, हिचं लग्न झालेलं नाही, हिचं कसं होणार. त्याच वर्षी रमाने त्याचा मित्र बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या माणसाशी, नोंदणी पद्धतीने. दोन वर्षांत कॉलऱ्याने तोही गेला. पदरात मनोरमा, तान्ही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1882 ला पुणे, मग इंग्लंड, तिथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, मग अमेरिका, आणि 1889 ला मुंबईत शारदा सदन.

त्यातला एकच भाग सांगते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं मरत होती. रमाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. संस्था सांभाळायची, पैशाची ओढाताण कायमची. तरी त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. भुकेने माणूस कसा दिसतो हे त्यांना कुणी वर्णन करून सांगायची गरज नव्हती.

तर आमच्या शीटचं काय झालं? दादाने हा एपिसोड रेकॉर्ड व्हायच्या आधी कच्चा ऐकला. काही बोलला नाही. संध्याकाळी शीट उघडली तर राहण्याच्या रकान्यात 14,400 परत आले होते आणि त्याने स्वतःसाठी धरलेलं नवं जॅकेट गायब होतं. मी ते परत टाकलं आणि माझ्या जेवणातले दोन गोड पदार्थ कापले. त्यावरून पुन्हा वाद झाला, पण तो किरकोळ.

पुढच्या महिन्यात निघतोय. नागपूर-रायपूरमार्गे जायचा विचार आहे. त्या पट्ट्यात बाईकचा बरा मेकॅनिक आणि मुलीला निर्धास्त झोपता येईल अशी स्वस्त खोली, यांपैकी काहीही माहीत असेल तर कळवा. दादा मेकॅनिकबद्दल विचारायला सांगत होता, खोलीचं मी घातलं.