गुणांकांचें राज्य : व्हिडिओ गेमच्या परीक्षणाचा इतिहास

इ. स. १७०८ सालीं रोजे द पील नांवाच्या फ्रेंच कलापंडितानें चित्रकलेच्या तत्त्वांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याच्या अखेरीस एक चमत्कारिक कोष्टक जोडलें. पन्नासाहून अधिक चित्रकारांचीं नांवें त्यांत असून, प्रत्येकास रचना, रेखन, रंग आणि भावदर्शन या चार विषयांत विसांपैकीं किती गुण मिळाले तें नांवापुढें मांडलेलें आहे. राफाएल आणि रूबेन्स हे दोघेही ६५ गुण मिळवून पहिले आले. रेम्ब्रांटला रेखनांत अवघे ६ गुण पडले, मायकेल अँजेलोला रंगांत ४, आणि कारावाज्जोला भावदर्शनांत शून्य! हा उद्योग आपण इतरांस पटविण्यापेक्षां स्वतःच्या मनोविनोदासाठींच केला, असें द पील स्वतःच सांगतो. आणि ज्यांना त्यानें गुण दिले त्यांतील बहुतेक चित्रकार तोंवर स्वर्गवासी झालेले असल्यामुळें त्याच्या कोष्टकानें कोणाच्या पोटावर पाय आला नाहीं.

कलाकृतीला आंकड्यांत मोजण्याची ही हौस वाङ्मयाच्या प्रांतांत फारशी रुजली नाहीं. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ १८०२ सालीं निघालें व त्यांतील टीकाकारांनीं वर्ड्‌स्वर्थसारख्या कवीची निर्दय हजेरी घेतली. परंतु ती त्यांनीं पानेंच्या पानें लिहून घेतली, ‘शंभरांपैकीं ४३’ एवढें बोलून कोणी मोकळा झाला नाहीं. आंकड्याच्या स्वाधीन जी कला सर्वस्वीं झाली ती आपल्या डोळ्यांदेखत जन्मलेली व्हिडिओ गेमची कला होय. हा विषय मुलांच्या खोलींतला आहे, गंभीर मासिकांत त्याचें काय काम, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, शेंकडों चित्रकार, लेखक, संगीतकार व गणिती वर्षांनुवर्षें खपून जी वस्तु निर्माण करितात, तिची परीक्षा कोण, कशी व कोणासाठीं करितो, हा प्रश्न टीकाशास्त्राचाच आहे.

प्रारंभ अगदीं साधा होता. अमेरिकेंत ‘व्हिडिओ’ नांवाच्या मासिकांत १९७९ सालीं बिल कुंकेल व आर्नी कॅट्झ या दोघांनीं ‘आर्केड अॅली’ हें सदर सुरू केलें, आणि १९८१ मध्यें याच मंडळींनीं ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हें स्वतंत्र मासिक काढलें. त्या काळीं खेळ बंद डब्यांतून विकला जाई. डब्यावर एक भपकेदार चित्र असे व आंत काय आहे तें घरीं नेऊन लावल्यावांचून कळत नसे. पुस्तकाच्या दुकानांत गिऱ्हाइकाला चार पानें चाळतां येतात. येथें तीही सोय नव्हती. म्हणून या परीक्षणाचा हेतु एकच होता : आपल्याआधीं ज्यानें तो डबा उघडला त्यानें शेजाऱ्याला सांगावें कीं, बाबा, पैसे घालण्यासारखी वस्तु आहे किंवा नाहीं. अशा सल्ल्याची गरज किती होती हें लौकरच दिसून आलें. १९८२ च्या नाताळासाठीं अटारी कंपनीनें ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एका मनुष्याकडून सुमारें पांच आठवड्यांत तयार करवून घेतला. गिऱ्हाइकाचा विश्वास ज्या अनेक निकृष्ट खेळांमुळें उडाला त्यांचें हें नांव जणूं प्रतीकच होऊन बसलें. १९८३ सालीं अमेरिकेंतील हा सारा धंदा कोसळला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें जमिनींत पुरला गेला, व २०१४ मध्यें तो उकरून काढला तेव्हां ‘ई. टी.’ च्या प्रती खरोखरच हातीं लागल्या. पुराणवस्तुसंशोधनाचा इतका अर्वाचीन विषय दुसरा क्वचितच असेल.

इंग्लंडांत या परीक्षणाला शाळेचें वळण लागलें, आणि तेंही शब्दशः. लडलो या लहानशा गांवांतून १९८४ पासून निघणाऱ्या ‘क्रॅश’ मासिकाचे परीक्षक म्हणजे गांवच्या शाळेंतील मुलें होतीं. त्यांनीं खेळाला शेंकडेवारीनें गुण दिले यांत नवल तें काय? त्यांना स्वतःला तसेच मिळत होते! जपानांत १९८६ मध्यें निघालेल्या ‘फामित्सु’ नें वेगळी युक्ति काढली : चार परीक्षकांनीं प्रत्येकीं दहापैकीं गुण द्यावयाचे व त्यांची चाळीसांत बेरीज करावयाची. चाळीसपैकीं चाळीस गुण पहिल्यानें मिळाले ते १९९८ सालीं, ‘झेल्डा’ मालिकेंतील ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळाला. बारा वर्षें पूर्ण गुण कोणासच न देणारे हे परीक्षक प्रस्तुत लेखकाला मोठे आदरणीय वाटतात.

इतरत्र मात्र गुणांचें मोल झपाट्यानें उतरूं लागलें. ‘अमिगा पॉवर’ हें इंग्रजी मासिक १९९१ पासून १९९६ पर्यंत एकच हट्ट धरून चाललें कीं, साधारण खेळाला शंभरांत पन्नासच गुण मिळाले पाहिजेत, कारण पन्नास हा शंभराचा मध्य आहे. इतकी उघड गोष्ट त्याला वारंवार सांगावी लागली, कारण इतर मासिकांत सामान्य खेळालाही सत्तरांच्या घरांत गुण पडत. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. परीक्षणासाठीं खेळाची प्रत प्रकाशकाकडून यावयाची, प्रसिद्धीपूर्वीं पाहण्याची परवानगी प्रकाशकानें द्यावयाची, आणि मासिक ज्यावर चालतें त्या जाहिरातीही प्रकाशकाच्याच! हा रोग नवा नव्हे. ज्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ नें १८१८ सालीं कीट्‌सच्या काव्यावर झोड उठविली तें स्वतः जॉन मरे या पुस्तकप्रकाशकाच्या मालकीचें होतें. परंतु तेथें निदान टीकाकार निर्भीड होता. व्हिडिओ गेमच्या बाबतींत निर्भीडपणाची किंमत काय पडूं शकते हें २००७ सालीं जगजाहीर झालें.

‘गेमस्पॉट’ हें इंटरनेटवरील एक अग्रगण्य नियतकालिक. त्याचा एक ज्येष्ठ संपादक जेफ गर्स्टमन यानें ‘केन अँड लिंच’ या खेळाला दहापैकीं ६ गुण दिले. आमच्या हिशेबानें हा पहिला वर्ग झाला. त्या धंद्याच्या हिशेबानें तो अपमान होता. त्या वेळीं त्याच संकेतस्थळावर त्याच खेळाच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. नोव्हेंबर १९०० नव्हे, नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस, म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतक्या गोष्टी बोलून झाल्यावर, गर्स्टमनला कामावरून दूर करण्यांत आलें. करारानें त्याचें तोंड बांधलेलें होतें; तें २०१२ सालीं सुटलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, जाहिरातदारांच्या दडपणाला व्यवस्थापक बळी पडले. त्याच्या मागोमाग त्याचे कित्येक सहकारीही नोकरी सोडून गेले, ही गोष्ट त्या व्यवसायाच्या अब्रूला भूषणावह म्हटली पाहिजे.

तथापि जाहिरातदाराचा राग ही उघड आपत्ति आहे. तिला नांव देतां येतें. दुसरी आपत्ति कोणाच्या दुष्टाव्यानें आली नाहीं, सोयीच्या पोटीं आली. २००१ सालीं ‘मेटाक्रिटिक’ नांवाचें एक संकेतस्थळ सुरू झालें. निरनिराळ्या पत्रांतील परीक्षणें एकत्र आणावयाचीं, प्रत्येकाचा निकाल शंभराच्या मापांत बसवावयाचा, कांहीं पत्रांस अधिक वजन द्यावयाचें व कांहींस कमी, आणि सर्वांची सरासरी एका रंगीत चौकोनांत छापावयाची, असा हा उद्योग. कोणत्या पत्रास किती वजन, हें गुलदस्तांतच ठेवलेलें. रंगांतही एक मौज आहे : चित्रपटाला ६१ गुणांवर हिरवा रंग मिळतो, खेळाला मात्र त्यासाठीं ७५ लागतात. म्हणजे ‘अमिगा पॉवर’ ची तक्रार येथें कायद्यांत रूपांतरित झाली. फुगलेली नाणीं हीच प्रमाणभूत ठरलीं.

वाचकाच्या दृष्टीनें ही सोय निःसंशय मोठी होती. वीस परीक्षणें वाचण्यास वेळ कोणाला आहे? परंतु सरासरी निघतांक्षणींच परीक्षणाचा श्रोता बदलला. टीकाकार आजवर गिऱ्हाइकाशीं बोलत होता. आतां त्याच्या वाक्यांमधून उचललेला आंकडा प्रकाशकाच्या कचेरींत जाऊन बसला, व तेथें तो करारपत्राचें एक कलम झाला. २०१० च्या ऑक्टोबरांत ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा खेळ बाहेर पडला. ऑब्सिडियन या कंपनीनें तो सुमारें दीड वर्षांत बेथेस्डा या प्रकाशकासाठीं रचला होता. कथानक विस्तीर्ण, संवाद मार्मिक, खेळणाराच्या निर्णयानें बदलत जाणारें राजकारण. आणि त्याबरोबरच यंत्ररचनेंत असंख्य दोष. दोन वर्षांनीं ऑब्सिडियनचा ख्रिस अॅव्हेलोन यानें उघड केलें कीं, त्यांना विक्रीवर मानधन नव्हतें. ठरीव रक्कम मिळाली, आणि मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडल्यास बोनस मिळावयाचा होता. गुण पडले ८४.

ज्यानें आयुष्याचीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलीं त्याला ८४ आणि ८५ यांतील अंतर किती, हें सांगावयास नको. तोच पेपर सकाळीं तपासला तर एक, आणि जेवणानंतर तपासला तर दुसरा. म्हणूनच आमच्याकडे ३४ गुणांवर अडकलेल्या विद्यार्थ्यासाठीं कृपागुणांची सोय आहे. परीक्षेलाच स्वतःच्या अचूकपणावर विश्वास नाहीं अशी ती प्रामाणिक कबुली होय. मेटाक्रिटिकच्या सरासरींत अशी कबुली नाहीं. शिवाय परीक्षकांपैकीं एकानेंही ‘या लोकांना बोनस देऊं नये’ असें लिहिलें नव्हतें. कोणी दोषांवर रागावून सात दिले, कोणी कथेवर खुष होऊन नऊ दिले, आणि त्यांच्या नकळत त्यांच्या बेरजेनें दुसऱ्यांचा पगार ठरला. आज ‘न्यू व्हेगस’ या मालिकेंतील सर्वोत्तम खेळ मानणारे रसिक पुष्कळ आहेत. त्याचा त्या बोनसाशीं अर्थातच कांहीं संबंध नाहीं.

एवढ्यानें धंद्यानें धडा घेतला असेल असें म्हणावें तर २०२० चा डिसेंबर आडवा येतो. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ ता. १० रोजीं विक्रीस आला. त्याआधीं तीन दिवस परीक्षणें छापून झालीं होतीं व तीं बहुतांशीं स्तुतिपर होतीं. कारण परीक्षकांना केवळ संगणकावरची आवृत्ति देण्यांत आली होती, आणि आपण खेळतांना पाहिलेलीं दृश्यें न दाखवितां कंपनीनें पुरविलेलींच दाखवावीं अशी अट होती. बहुसंख्य लोकांच्या घरीं असलेल्या जुन्या कन्सोलांवर हा खेळ कसा चालतो, हें गिऱ्हाइकांस पैसे दिल्यावर कळलें. १७ तारखेस सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला. पुन्हां घेतला तो २०२१ च्या जूनमध्यें. म्हणजे चाळीस वर्षांनंतर गिऱ्हाईक पुन्हां त्याच बंद डब्यापुढें उभें होतें, फक्त या वेळीं डब्यावरच्या चित्रांत परीक्षणाचे ९० गुणही छापलेले होते. आणि कंपनींतील कामगारांचा बोनस कशावर अवलंबून होता? तर मेटाक्रिटिकवर ९० गुण मिळण्यावर! ही अट कंपनीनें पुढें स्वतःच मागें घेतली.

यांतून एक अधिक खोल अडचण दिसते. पुस्तक छापून झालें म्हणजे तें झालें. हे खेळ मात्र प्रसिद्धीनंतरही बदलत राहतात. ‘सायबरपंक’ २०२३ पर्यंत इतका दुरुस्त झाला कीं, ज्यांनीं पूर्वीं त्याची निर्भर्त्सना केली त्यांतील कित्येकांनीं तो वाखाणला. मग पहिल्या दिवसाचा निकाल कोणत्या कृतीचा? परीक्षक प्रामाणिकपणें लिहील तर ‘अमुक तारखेस, अमुक यंत्रावर, मला असें आढळलें’ एवढेंच लिहूं शकेल, व असें वाक्य शंभरांत बसत नाहीं.

टीकाकारांवर विश्वास नसेल तर लोकांनाच विचारा, हाही प्रयोग झाला. २०२० च्या जूनमध्यें ‘द लास्ट ऑफ अस’ चा दुसरा भाग निघाला. टीकाकारांनीं त्याला नव्वदांच्या वर नेलें. लोकांच्या मतदानांत तो पहिल्या दिवसांत दहापैकीं पांचांच्याही खालीं गेला, आणि तें मतदान असें होतें कीं, पुष्कळांस तो खेळ पुरा करण्यास अवधिही मिळालेला नव्हता. पुढल्याच महिन्यांत मेटाक्रिटिकनें मतदारांना खेळ निघाल्यावर ३६ तास थांबण्याची सक्ति केली.

आपल्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीचा ‘राजी’ हा खेळ त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें प्रसिद्ध झाला. लोकांकडून वर्गणीनें भांडवल उभारण्याचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. परदेशी परीक्षकांनीं त्यांतील पहाडी शैलीचीं चित्रें व राजवाड्यांचें शिल्प यांची मनापासून स्तुति केली. झुंजीच्या भागांतील ओबडधोबडपणा व खेळाचा आंखूडपणा यांवर बोटही ठेवलें. हीं परीक्षणें वाचलीं असतां बहुतेक न्याय्य वाटतात. त्यांच्या सरासरींतून मात्र ना चित्रें कळतात, ना झुंज.

आंकड्याचें हें राज्य झुगारण्याचा एक गंभीर प्रयत्न इंग्लंडांतील ‘युरोगेमर’ नें २०१५ सालीं केला. दहापैकीं गुण देण्याची रीति त्यानें बंद केली आणि ‘अत्यावश्यक’, ‘शिफारस’ व ‘टाळावा’ अशा मोजक्या शब्दांचे शिक्के तेवढे ठेवले. शिक्का न मिळालेल्या खेळाविषयीं वाचकानें लेख वाचावा अशी अपेक्षा होती. सुमारें आठ वर्षें हा नेम चालला. २०२३ मध्यें ‘युरोगेमर’ नें पांच तारे छापण्यास आरंभ केला.